बादशहा दारा आणि बेसुतूनचा शिलालेख

विद्यार्थी मित्रांनो, शिरीन-फरहादची गोष्ट तुम्हांला माहीत आहे. शिरीनसाठी फरहादने डोंगर फोडला, असे त्या गोष्टीत सांगतात. त्या डोंगराचे नाव कोह-ए-बेसुतून. हा डोंगर केवळ गोष्टीतला नाही. तो इराणमध्ये किरमानशाह शहराजवळ आजही उभा आहे. तेथील एका तासलेल्या प्रचंड कड्याला लोक फरहाद-तराश म्हणतात. पण या डोंगरावर जे अक्षरांनी कोरलेले आहे, ते फरहादचे नाही. ते प्राचीन इराणचा बादशहा दारा याचे आहे. ग्रीक लोक त्याला दारियस म्हणत.

एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. उर्दू शायरीत सिकंदराबरोबर ज्या दाराचे नाव येते, तो हा दारा नव्हे. सिकंदराकडून हरला तो तिसरा दारा. आपला हा पहिला दारा त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधी होऊन गेला.

त्याच्या स्वतःच्या भाषेत त्याचे नाव दारयवउश असे होते. चांगले ते धारण करणारा, असा त्याचा अर्थ आहे. त्यातील दारय म्हणजे आपल्या मराठीतील धारण. त्याच्या वडिलांचे नाव विश्तास्प. या नावातील अस्प म्हणजे घोडा. उर्दूत तुम्ही अस्प वाचता, संस्कृतात अश्व म्हणतात. प्राचीन इराणी भाषा आणि संस्कृत या बहिणी-बहिणीच होत्या. त्यामुळे उर्दू आणि मराठी दोन्ही शिकणाऱ्या तुम्हां मुलांना दाराच्या लेखातील काही शब्द ओळखीचे वाटतील. इतर मुलांपेक्षा तुमची ही एक सोय जास्त आहे.

इराणी लोकांचे मोठे राज्य उभे केले ते कुरुश नावाच्या राजाने. ग्रीक लोक त्याला सायरस म्हणत. कुरआनातील जुलकरनैन म्हणजे हाच राजा, असे मत मौलाना अबुल कलाम आझाद यांनी आपल्या तर्जुमानुल कुरआन या ग्रंथात मांडले आहे. कुरुशने इ. स. पूर्व ५३९ मध्ये बाबिलोन जिंकले. त्याच्यामागून त्याचा मुलगा कंबुजिया गादीवर आला. त्याने इ. स. पूर्व ५२५ मध्ये मिसर देश जिंकला. या कंबुजियाच्या पदरी दारा हा एक तरुण भालाधारी होता. राजघराण्याशी त्याचे नाते होते, पण ते लांबचे. गादी आपल्याला मिळेल, असे त्याला स्वप्नातही वाटण्याचे कारण नव्हते. त्याचे वडील जिवंत होते आणि आजोबाही जिवंत होते.

मग तो बादशहा कसा झाला? ही हकीकत दाराने स्वतःच बेसुतूनच्या कड्यावर कोरून ठेवली आहे. ती अशी. कंबुजियाला बरदिया नावाचा सख्खा भाऊ होता. कंबुजियाने त्याला गुपचूप मारून टाकले. लोकांना याचा पत्ता लागला नाही. पुढे कंबुजिया मिसरमध्ये असताना गौमात नावाचा एक मग उठला. मग म्हणजे इराणी पुरोहित. उर्दूतील मजूसी हा शब्द याच शब्दावरून आला आहे. आपणच बरदिया आहोत, असे या गौमातने जाहीर केले. सारे राज्य त्याच्याकडे गेले. कंबुजिया परत येताना वाटेतच मरण पावला. खऱ्या बरदियाला जे ओळखत होते, त्यांना गौमात मारील, या भीतीने कोणी तोंड उघडेना. शेवटी दारा आणि त्याचे सहा साथीदार पुढे झाले. इ. स. पूर्व ५२२ च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस त्यांनी गौमातला एका किल्ल्यात गाठून ठार मारले. अहुरमज्द या देवाच्या कृपेने आपल्याला राज्य मिळाले, असे दारा सांगतो.

हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने हीच कथा पुष्कळ रंगवून सांगितली आहे. त्याच्या कथेत तोतयाचे कान पूर्वीच कापलेले असतात. एका सरदाराची मुलगी त्याच्या जनानखान्यात असते. ती रात्री त्याचे कान चाचपून पाहते आणि तोतया उघडा पडतो. पुढे सात सरदार बसून विचार करतात, की राज्य सर्व लोकांनी चालवावे, थोड्या सरदारांनी चालवावे, की एका राजाने? दारा एका राजाच्या बाजूने बोलतो आणि त्याचे म्हणणे मान्य होते. अशी चर्चा खरोखर झाली यावर हेरोडोटसच्या काळातील काही ग्रीकांचाही विश्वास बसत नव्हता. तरी वाचायला ती मोठी छान आहे.

आता तुम्ही थोडा विचार करा. ही हकीकत आपल्याला मुळात कोणाकडून कळली? ज्याने गादी घेतली, त्याच्याकडूनच. म्हणून अनेक इतिहासकारांना शंका येते, की ठार झालेला माणूस तोतया नव्हताच. तो खराच बरदिया होता, कुरुशचा मुलगा होता. दाराने त्याला मारून राज्य घेतले आणि मागाहून तोतयाची गोष्ट रचली. या शंकेला आधारही आहेत. सख्खा भाऊ मारला जातो आणि आई, बहिणी, नोकरचाकर यांपैकी कोणालाही कळत नाही, हे पटायला कठीण आहे. दारा गादीवर येताच शांतता व्हायला हवी होती. उलट इलाम, बाबिलोन, मीडिया, आर्मेनिया असे प्रांतामागून प्रांत पेटले. खुद्द पारस प्रांतात वह्यज्दात नावाचा आणखी एक माणूस आपण बरदिया आहोत असे म्हणून उभा राहिला आणि लोक त्याच्यामागे गेले. दाराने कुरुशच्या दोन मुलींशी आणि बरदियाच्या एका मुलीशीही लग्न केले. गादीवर ज्याचा हक्क पक्का असतो, त्याला इतकी नाती जोडावी लागत नाहीत. माझ्या मते तरी शंकेचे पारडे जड आहे.

बंड मोडायला दाराला फार वेळ लागला नाही. एका वर्षात आपण एकोणीस लढाया केल्या आणि नऊ राजे पकडले, असे तो लिहितो. पकडलेल्यांना त्याने दया दाखवली नाही. मीडियाच्या फ्रवर्तिश नावाच्या बंडखोराचे नाक, कान आणि जीभ कापली, एक डोळा काढला, लोकांना दिसेल असे त्याला राजवाड्याच्या दारात बांधून ठेवले आणि मग हमदानला सुळावर दिले. हेही दाराने लपवलेले नाही. कड्यावर ते सविस्तर कोरले आहे. शिल्पात दारा हातात धनुष्य घेऊन उभा आहे. त्याचा पाय खाली पडलेल्या गौमातच्या छातीवर आहे. समोर बंडखोरांची रांग आहे. त्यांचे हात पाठीमागे बांधलेले आणि गळ्यात दोर आहे. वर पंखांच्या वर्तुळात एक आकृती तरंगते आहे. सभोवती तीन भाषांत मजकूर आहे: जुनी फारसी, इलामी आणि बाबिलोनी.

या मजकुरात एक शब्द पुन्हा पुन्हा येतो. तो शब्द म्हणजे द्रउग. द्रउग म्हणजे खोटेपणा. प्रत्येक बंडखोराबद्दल दारा एकच सांगतो, की तो खोटे बोलला आणि त्याने लोकांना फसवले. देशात द्रउग माजला म्हणून बंडे झाली, असे त्याचे म्हणणे आहे. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत खोट्याला दरोग आणि खोटे बोलणाऱ्याला दरोगगो म्हणतात. मराठीत राजद्रोह, मित्रद्रोह या शब्दांतील द्रोह आहे. दोन्ही एकाच मुळाचे. उर्दूने त्यातला खोटेपणा ठेवला आणि मराठीने विश्वासघात. दाराच्या मनात मात्र हे दोन्ही अर्थ एकच होते. त्या काळच्या इराणी लोकांत खोटे बोलणे ही सर्वांत लाजिरवाणी गोष्ट मानत. पाचव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत मुलांना तीनच गोष्टी शिकवतात, असे हेरोडोटस लिहितो: घोड्यावर बसणे, तीर मारणे आणि खरे बोलणे.

यात एक मेख आहे, ती नीट समजून घ्या. अहुरमज्द हा सत्याचा देव. राज्य त्याने दाराला दिले. म्हणजे दाराच्या विरुद्ध जो उठेल तो खोटा, आणि खोटा म्हणजे देवाचाही शत्रू. राज्यकारभार आणि धर्म दाराने अशा रीतीने एका शब्दात बांधून टाकले. एखाद्या प्रांतावर खरोखरच अन्याय झाला असेल, तर त्याने तक्रार कोणत्या शब्दांत करायची? त्याच्यासाठी शब्दच उरला नव्हता.

तरीही दारा धर्मवेडा होता, असे मुळीच नाही. अहुरमज्दची पूजा करा, अशी सक्ती त्याने प्रजेवर केली नाही. कुरुशने यहुद्यांना आपल्या देशी परत जाऊन बैतुल मुकद्दस येथे आपले मंदिर पुन्हा बांधायला परवानगी दिली होती. ते काम मध्येच अडले होते. दाराच्या हुकमाने ते पुन्हा चालू झाले आणि इ. स. पूर्व ५१५ च्या सुमारास पूर्ण झाले. मिसरमध्ये लोक एपिस नावाच्या पवित्र बैलाला मानत. तेथे दाराने त्या बैलाचा मान राखला. मिसरचे जुने कायदे जाणकारांकडून गोळा करून लिहून घेतले. खारगा येथील मंदिराच्या भिंतींवर तो चक्क मिसरी फिरऔनच्या वेषात तेथील देवांना नैवेद्य देताना दिसतो. सूसा शहरात १९७२ साली दाराचा एक मोठा पुतळा सापडला. पोशाख इराणी आणि अंगावरची काही अक्षरे मिसरी चित्रलिपीतील, असा तो पुतळा आहे. त्याचे डोके मात्र नाहीसे झाले आहे.

याहून नवल वाटेल अशी माहिती मातीच्या छोट्या पाट्यांवरून मिळाली. पारस प्रांतात दाराने तख्त-ए-जमशेद येथे भव्य राजवाडा बांधायला घेतला होता. तेथे १९३३ साली उत्खननात सरकारी कोठाराच्या हिशेबाच्या हजारो पाट्या निघाल्या. त्या इलामी भाषेत आहेत. कोणाला किती जव, किती पीठ, किती दारू दिली, याच्या त्या नोंदी आहेत. त्यांत देवांच्या पूजेसाठी पुरोहितांना दिलेले धान्यही आहे. अहुरमज्दसाठी दिलेले आहे, तसेच इलामी लोकांच्या हुम्बान या देवासाठीही दिलेले आहे. आणि हुम्बानच्या वाट्याचे धान्य अहुरमज्दच्या वाट्यापेक्षा जास्त भरते! आता बेसुतूनचा लेख आठवा. तेथे दारा इलामी बंडखोरांना दोष देताना ते अहुरमज्दला भजत नाहीत, असे म्हणतो. इलामी लोक बंड करीत होते तोवर त्यांचा धर्म हा त्यांचा गुन्हा होता. ते शांत बसल्यावर त्यांच्या देवाला सरकारी कोठारातून धान्य मिळू लागले.

दारा हा जरथुश्त्राचा अनुयायी होता का, यावर विद्वानांचे एकमत नाही. त्याच्या एकाही लेखात जरथुश्त्राचे नाव येत नाही. पण ज्या अहुरमज्दला तो पुकारतो, त्याचीच उपासना मुंबईचे पारशी लोक आजही करतात.

कोठाराच्या पाट्यांवर मजुरांचीही माहिती आहे. राजवाड्याच्या कामावर दूरदूरच्या देशांतील माणसे होती. स्त्रियाही होत्या. बाळंतीण बाईला जादा शिधा मिळे. मुलगा झाला तर मुलगी झाली त्याच्या दुप्पट, हा पक्षपात मात्र तेथेही होता. प्रवासाला निघालेल्या सरकारी माणसाजवळ मोहोर केलेला परवाना असे. तो दाखवला की वाटेतल्या चौकीवर शिधा मिळे. हिंदमधून सूसाकडे जाणारे प्रवासीही या नोंदींत आहेत. खुद्द बादशहाने आपल्या एका आवडत्या राणीला शंभर मेंढ्या द्या म्हणून हुकूम दिला, तर तोही कोठाराच्या हिशेबात लिहावा लागला.

असा हिशेबी कारभार हीच दाराची खरी करामत होती. हेरोडोटसच्या म्हणण्याप्रमाणे त्याने राज्याचे वीस प्रांत पाडले आणि प्रत्येक प्रांताचा कर ठरवून दिला. हिंद प्रांत, म्हणजे सिंधू नदीकाठचा मुलूख, ३६० तोलभार सोन्याची भुकटी देई. तोलभार हे त्या काळचे मोठे वजन होते. पूर्वी राजाला जमेल तशी भेट पाठवत. आता रक्कम नेमून दिली गेली. म्हणून इराणी लोक कुरुशला बाप म्हणत, कंबुजियाला मालक म्हणत आणि दाराला दुकानदार म्हणत, असे हेरोडोटसने नोंदवले आहे. लोकांनी ते चेष्टेने म्हटले असेल. पण चांगला दुकानदार वजनात गडबड करीत नाही, हेही खरे. दाराने सोन्याचे नाणे पाडले. त्याचे वजन आठ ग्रॅमच्या थोडे वर असे. या नाण्याला दूरवरच्या बाजारात मान होता.

प्रांताच्या सुभेदाराला क्षत्रपावन म्हणत. राज्याचे रक्षण करणारा, असा त्याचा अर्थ. हाच शब्द पुढे क्षत्रप असा होऊन आपल्या महाराष्ट्रात येऊन पोहोचला. नाशिक, कार्ले आणि जुन्नर येथील लेण्यांत नहपान नावाच्या क्षत्रपाच्या काळातील शिलालेख आहेत. नहपानाला गौतमीपुत्र सातकर्णीने हरवले, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. दाराच्या काळापासून तेथपर्यंत सहाशे वर्षे उलटली होती, तरी हुद्द्याचे नाव टिकून होते. लेखाला दारा दिपि म्हणतो. आपला लिपी हा शब्द त्यावरूनच आला, असे भाषेचे अभ्यासक मानतात. लिहिणारा तो दबीर. उर्दूत मिर्झा दबीर हे मर्सिये लिहिणारे थोर कवी झाले आणि शिवाजी महाराजांच्या दरबारात डबीर हा परराष्ट्राचा कारभार पाहणारा मंत्री होता.

सार्दिसपासून सूसापर्यंत जवळजवळ अडीच हजार किलोमीटरचा शाही रस्ता होता. त्यावर १११ ठाणी होती. पायी जाणाऱ्याला ही वाट नव्वद दिवसांची पडे. सरकारी टपालाचे स्वार मात्र ठाण्याठाण्यावर घोडे बदलत ती थोड्याच दिवसांत तोडत. नाईल नदीपासून तांबड्या समुद्रापर्यंत दाराने कालवा खणवला. स्कायलॅक्स नावाच्या दर्यावर्दीला त्याने सिंधू नदीतून खाली समुद्रापर्यंत पाठवले. कचेरीच्या कामासाठी त्याने स्वतःची भाषा सर्वांवर लादली नाही. आरामी भाषा पुष्कळ प्रांतांत चालत होती, तीच ठेवली. आरामी लिपी उजवीकडून डावीकडे लिहीत. तिच्यापासूनच पुढे अरबी लिपी निघाली, आणि अरबी लिपीवरून तुमची उर्दूची अक्षरे आली.

ग्रीकांशी झालेल्या युद्धांत दाराला मनासारखे यश आले नाही. आशिया मायनरमधील ग्रीक शहरांनी इ. स. पूर्व ४९९ मध्ये बंड केले. ते मोडायला पाच-सहा वर्षे लागली. मग अथेन्सला धडा शिकवण्यासाठी त्याने समुद्रमार्गे फौज पाठवली. इ. स. पूर्व ४९० मध्ये मॅरेथॉनच्या मैदानावर ती हरली. ग्रीकांनी या लढाईवर पुष्कळ लिहिले. दाराच्या एवढ्या मोठ्या राज्याला ती एका सरहद्दीवरची हार होती. तो पुन्हा तयारीला लागला होता, पण इ. स. पूर्व ४८६ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच्यानंतर त्याचा मुलगा खशायार्शा गादीवर आला. ग्रीक त्याला झर्क्सीस म्हणत.

दाराची कबर तख्त-ए-जमशेदजवळ एका कड्याच्या पोटात खोदलेली आहे. दारावरच्या शिल्पात तीस देशांचे तीस लोक एक मोठे तख्त हातांनी उचलून धरतात. त्यांत हिंदचाही एक माणूस आहे. तख्तावर दारा उभा आहे आणि त्याच्यासमोर अग्नी पेटलेला आहे. तेथील लेखात दारा सांगतो, की जे रास्त आहे तेच आपल्याला आवडते. दुबळ्याला बलवानाने त्रास द्यावा हे आपल्याला आवडत नाही, आणि दुबळ्याने बलवानाला त्रास द्यावा हेही आवडत नाही. हा रास्त शब्द तोच आहे, जो राह-ए-रास्तमध्ये आहे आणि रास्त भावाच्या दुकानाच्या पाटीवरही आहे.

पुढे त्याची लिपी वाचणारे कोणी उरले नाही. लोक दाराला विसरले. त्याच्या कबरीच्या जागेला ते नक्श-ए-रुस्तम म्हणू लागले, राजवाड्याला तख्त-ए-जमशेद म्हणू लागले आणि बेसुतूनचा डोंगर फरहादला देऊन टाकला. दाराचे नाव पुन्हा वाचले गेले ते १८०२ साली. ग्रोटेफेंड नावाच्या जर्मन शिक्षकाने राजवाड्यातील लहान लेखांवरून ते ओळखले. बेसुतूनचा मोठा लेख रॉलिन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने उतरवून घेतला. हा अधिकारी १८२७ साली कंपनीच्या फौजेत मुंबईला आला होता आणि फारसी तो हिंदुस्थानातच शिकला होता. शिडी लावून त्याने बराच मजकूर लिहून घेतला. पण बाबिलोनी मजकुरापर्यंत शिडी पोहोचेना. १८४७ साली एक कुर्दी मुलगा ते काम करायला तयार झाला. तो हातापायांच्या बोटांनी खडकाला धरून वर चढला. त्याने फटीत खुंट्या ठोकल्या, दोर बांधला आणि त्यावर लोंबकळत ओले कागद अक्षरांवर दाबून त्यांचे ठसे काढले.

त्या ठशांमुळे बाबिलोनी लिपी वाचण्याची किल्ली हाती आली आणि इराकच्या मातीतील जुन्या पाट्या बोलू लागल्या. त्यांत इ. स. पूर्व ५२२ सालातील काही साध्या व्यवहारांच्या पाट्याही निघाल्या. व्यवहाराच्या कागदावर आपण तारीख घालतो, तसे त्या वेळी चालू राजाचे नाव घालत. दाराने मारलेल्या त्या माणसाच्या थोड्या महिन्यांच्या राज्यातील या पाट्या आहेत. त्यांवर राजाचे नाव बरदिया असे आहे. गौमात हे नाव त्यांत नाही.